चाळीस पीपीएमची झाडाझडती

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने जैवसंपृक्त वाणांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली आहे. तिची तिसरी आवृत्ती २०२० साली निघाली. पिठात बाहेरून लोह किंवा जस्त न मिसळता, पैदाशीच्या मार्गाने दाण्यातच त्यांचे प्रमाण वाढवलेले वाण म्हणजे जैवसंपृक्त वाण. भात, गहू, मका, बाजरी अशा अनेक पिकांच्या वाणांची ओळख या पुस्तिकेत थोडक्यात करून दिली आहे. कुपोषणासारख्या प्रश्नावर शेतातून उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे आणि त्यामागे अनेक संस्थांचे बऱ्याच वर्षांचे श्रम आहेत. पुस्तिका शिक्षकांनी जरूर पाहावी. मात्र तिच्यातले आकडे वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि शाळेच्या भित्तिपत्रकांवर ज्या रीतीने उतरतात, त्याविषयी काही आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते.

उदाहरण आपल्या राज्यातलेच घेऊ. एमएसीएस ४०२८ हा बन्सी वर्गातील गहू पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा. ही संस्था १९४६ साली महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी या नावाने सुरू झाली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आजही वाणांच्या नावात टिकून आहेत. पुस्तिकेनुसार या वाणात प्रथिने १४.७ टक्के, लोह ४६.१ पीपीएम आणि जस्त ४०.३ पीपीएम आहे. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. सोप्या भाषेत, एक किलो गव्हात ४०.३ मिलिग्रॅम जस्त. तुलनेसाठी प्रचलित वाणांचे आकडे शेजारी आहेत: प्रथिने ८ ते १० टक्के, लोह २८ ते ३२ पीपीएम, जस्त ३० ते ३२ पीपीएम.

जुन्याला पट्टा, नव्याला दशांश

या ओळीकडे जरा थांबून पाहावे. प्रचलित वाणांसाठी आकड्यांचा पट्टा दिला आहे, तर नव्या वाणासाठी एकच आकडा आहे, तोही दशांश चिन्हापर्यंत. वाचणाऱ्याचा समज असा होतो की जुन्या गव्हात जस्त कमीजास्त होत असते, नव्यात ते ४०.३ वर पक्के बसलेले आहे. वस्तुस्थिती अशी नाही. नवा वाणही निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वर्षी वेगळे आकडे देतो. ४०.३ ही त्या सर्वांची सरासरी असते. सरासरी किती ठिकाणांची, किती हंगामांची आणि तिच्या दोन्ही बाजूंचा पसारा केवढा, हे कळल्याशिवाय या दशांशाला फारसा अर्थ राहत नाही.

दुसरा आक्षेप तुलनेच्या आधाराविषयी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात अख्ख्या गव्हात प्रथिने सुमारे १०.६ टक्के, लोह १०० ग्रॅममागे ३.९७ मिलिग्रॅम आणि जस्त २.८५ मिलिग्रॅम दिले आहे. पीपीएममध्ये सांगायचे तर लोह जवळजवळ ४० आणि जस्त २८.५. म्हणजे एका राष्ट्रीय संस्थेच्या कोष्टकात सर्वसाधारण गव्हाचे जे लोह आहे, ते दुसऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या पुस्तिकेत प्रचलित वाणांच्या लोहापेक्षा बरेच वर आहे. एका आधारावर नवा वाण लोहाच्या बाबतीत दीडपट सरस ठरतो, दुसऱ्यावर जेमतेम सहावा हिस्सा जास्त. दोन्ही कोष्टके प्रामाणिक असू शकतात, कारण नमुने वेगळे, ठिकाणे वेगळी. परंतु वाचकाला हे कोणी सांगत नाही.

पाठ्यपुस्तकांची स्थिती याहून बिकट आहे. बारावीच्या जीवशास्त्रात जैवसंपृक्तीकरणाच्या भागात ‘अ‍ॅटलास ६६’ या अमेरिकन गव्हाचे नाव वर्षानुवर्षे येत आले आहे: यात प्रथिने जास्त, म्हणून पैदाशीत दाता म्हणून उपयोग केला. एवढेच. विद्यार्थी ते पाठ करतो आणि वस्तुनिष्ठ प्रश्नाला बरोबर उत्तर देतो. प्रथिने जास्त म्हणजे किती, कशाने मोजली, कोणत्या जमिनीत, हे प्रश्न त्याच्या मनात येतच नाहीत. दाण्याचा रंग जसा वाणाबरोबर येतो तसे प्रथिन आणि जस्तही येते, असा समज पक्का होतो.

जनुक काय देते आणि काय देत नाही

हा समज अर्धाच खरा आहे. वाणाचा वाटा निश्चित असतो. जंगली एमर गव्हातल्या एका जनुकाचा शोध २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे नाव जीपीसी-बी१. हे जनुक कार्यक्षम असेल तर पीक पक्व होताना पाने थोडी लवकर पिवळी पडतात आणि पानांत साठलेले नत्र, लोह आणि जस्त जास्त प्रमाणात दाण्याकडे वळते. आपण पेरतो त्या बहुतेक गव्हांत हे जनुक निकामी स्वरूपात आहे. माणसाने हजारो वर्षे टपोरा दाणा निवडला. त्या निवडीत हे कुठे मागे पडले असावे.

पण जनुक जस्त निर्माण करीत नाही. ते मूलद्रव्य आहे. जमिनीतूनच यावे लागते. मराठवाड्यातल्या चुनखडीयुक्त, विम्लधर्मी काळ्या जमिनींत जस्त मुळांना सहज मिळत नाही, हे इथल्या शेतकऱ्यांनाही माती परीक्षणाच्या पत्रिकेवरून ठाऊक आहे. जेथे पानांतच जस्त तुटपुंजे, तेथे दाण्याकडे वळवायचे काय? तोच वाण जस्त सल्फेट दिलेल्या जमिनीत एक आकडा देईल आणि न दिलेल्या जमिनीत दुसरा.

पाण्याचा परिणामही मोठा असतो. पाण्याचा ताण पडला की दाणा बारीक राहतो, पिष्ट कमी भरते आणि प्रथिन व खनिजांची टक्केवारी आपोआप चढते. शेतात काही जास्त पिकलेले नसते; भाजक लहान झालेला असतो. एमएसीएस ४०२८ हा कोरडवाहू किंवा मोजक्या पाण्याचा गहू. पुस्तिकेत त्याचे उत्पादन हेक्टरी १९.३ क्विंटल दिले आहे. १,९३० किलोंना ४०.३ मिलिग्रॅमने गुणले तर हेक्टरी सुमारे ७८ ग्रॅम जस्त हाती येते. ओलिताखाली ४५ क्विंटल देणाऱ्या, ३० पीपीएमच्या गव्हातून १३५ ग्रॅम येते. यावरून हा वाण हलका ठरवणे चूक होईल, कारण जेथे पाणी नाही तेथे ४५ क्विंटलचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि खाणारा माणूस हेक्टर खात नाही, पोळी खातो. परंतु कोरडवाहू वाणाची टक्केवारी ओलिताच्या वाणाशेजारी ठेवणे योग्य नव्हे. तुलना त्याच शेतात, त्याच हंगामात शेजारी पेरलेल्या तुल्य वाणाशी व्हायला हवी.

आकडा कोणाच्या हातून येतो?

डॉक्टरेटपूर्वीची काही वर्षे मी गव्हाचे अनुवंशशास्त्र आणि पोषण अशा जोडप्रकल्पात संशोधन साहाय्यक होते. या पदाविषयी बाहेर फारशी कल्पना नसते, म्हणून थोडे लिहिते. जानेवारीत ओंब्या निसवल्या की चिमट्याने एकेका फुलातले कोवळे पुंकेसर काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग आणून टाकायचे, चिठ्ठी बांधायची. मार्चमध्ये कापणी. मग प्रत्येक वाफ्याचा नमुना वेगळा मळायचा, निवडायचा, दळायचा, तीव्र आम्लात विरघळवायचा आणि अणुशोषण यंत्रावर वाचायचा. नेमणूक प्रकल्पापुरती असते आणि वर्षाला वाढवून मिळते. अहवालातल्या तक्त्याखाली साहाय्यकाचे नाव बहुधा नसते.

तक्त्यातला आकडा कुठे कुठे घसरू शकतो हे मात्र याच माणसाला सर्वांत आधी कळते. काही उदाहरणे देते.

काळ्या मातीत एकूण लोह पाच टक्के धरले, तर एक किलो गव्हाला चिकटलेली केवळ १०० मिलिग्रॅम धूळ त्यात ५ मिलिग्रॅम लोह घालते. म्हणजे लोहाचा आकडा ५ पीपीएमने चढला आणि वाणाने काहीच केले नाही. यासाठी काळजीपूर्वक काम करणाऱ्या प्रयोगशाळा नमुन्यातले अ‍ॅल्युमिनियमही मोजतात. दाण्यात ते अगदी थोडे असते, मातीत भरपूर. ते वाढलेले दिसले की नमुन्यात माती आहे असे समजावे. जस्ताचे चोर आणखी घरगुती असतात. पत्र्याच्या चाळणीला जस्ताचा मुलामा असतो. मळणी यंत्राच्या रबरात जस्ताचे ऑक्साइड असते. एका प्रयोगशाळेत एका हंगामाचे सगळेच वाण अचानक जस्तसमृद्ध निघाले होते. तुल्य वाणही त्याच मापाने वर गेलेला पाहून एका साहाय्यक मुलीला शंका आली आणि शोध नव्या चाळणीपाशी थांबला. अहवाल पाठवायला आठवडाच राहिला होता. तरीही नमुने पुन्हा दळले गेले, आकडे खाली आले. ती मुलगी गप्प राहिली असती तर कोणाच्याही लक्षात आले नसते.

प्रथिनांचे गणित वेगळे आहे. केल्डाल पद्धतीत प्रथिन मोजतच नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला गुणकाने गुणतात. गव्हाचा गुणक ५.७, सर्वसाधारण अन्नाचा ६.२५. एकाच नत्रावरून ५.७ ने १३.४ टक्के आणि ६.२५ ने १४.७ टक्के प्रथिन निघते. ओलाव्याचेही तसेच: संपूर्ण कोरड्या दाण्यावर १४.७ टक्के असलेले प्रथिन १२ टक्के ओलावा धरून सांगितले तर १२.९ होते. तेव्हा कोणत्याही तक्त्यात गुणक कोणता आणि ओलावा किती, या दोन गोष्टी लिहिलेल्या असल्याच पाहिजेत. सामान्यांसाठीच्या पुस्तिकेत तळटीप म्हणून त्या एका ओळीत मावतात.

पन्नास वर्षांपूर्वीचा धडा

या गोष्टी किरकोळ वाटत असतील तर शरबती सोनोराचे प्रकरण आठवावे. मेक्सिकोहून आलेला सोनोरा ६४ हा बुटका गहू लाल दाण्याचा होता. आपल्या लोकांना पोळीसाठी पिवळसर दाणा हवा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत गॅमा किरणांच्या साहाय्याने त्यात उत्परिवर्तन घडवून पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा तयार झाला आणि १९६७ साली प्रसारित झाला. (मध्य प्रदेशातून येणारा, बाजारात शरबती म्हणून मिळणारा गहू तो वेगळा.) रंग बदलण्याचे काम उत्तम साधले होते. त्याबरोबर असेही जाहीर झाले की या गव्हात प्रथिनही जास्त आहे आणि लायसिन हे अमिनो आम्लही जास्त आहे.

लायसिन हा गव्हाचा कच्चा दुवा. म्हणूनच पोळीबरोबर वरण लागते. डाळीतले लायसिन ती उणीव भरून काढते. गव्हात प्रथिन वाढते तेव्हा मुख्यतः ग्लुटेनच्या जातीची साठवणीची प्रथिने वाढतात, आणि त्यांत लायसिन कमी असते. त्यामुळे प्रथिनातला लायसिनचा वाटा उलट घटतो. दोन्ही एकदम वाढल्याचा दावा हा शंका घेण्याजोगाच होता. मेक्सिकोतील सिमिट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तपासणीत शरबती सोनोरातले लायसिन मूळ वाणापेक्षा जास्त आढळले नाही.

१९७२ च्या मे महिन्यात त्याच दिल्लीच्या संस्थेतील एका कृषिशास्त्रज्ञाने आत्महत्या केली. वरिष्ठांच्या मताला जुळेल अशी माहिती गोळा केली जाते, अशी तक्रार त्यांच्या पत्रात होती. सरकारने निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्यातून १९७३ साली कृषी वैज्ञानिक भरती मंडळ स्थापन झाले आणि १९७५ साली कृषी संशोधन सेवा सुरू झाली. लायसिनचा वाद आणि ती आत्महत्या या एकच गोष्टी नव्हेत. परंतु लायसिनच्या आकड्यांवर उघड चर्चा झाली ती या घटनेनंतरच. कनिष्ठ माणसाला ‘हा आकडा वाढत नाही’ असे निर्भयपणे सांगता येते की नाही, हा प्रश्न कार्यालयीन शिस्तीचा नाही. आकडा खरा आहे की नाही ते त्यावरच ठरते. भरतीची पद्धत सुधारली. पण प्रकल्पाच्या मुदतीवर नोकरी टिकवणाऱ्या साहाय्यकापर्यंत ती सुधारणा अद्याप पुरती पोचलेली नाही.

दाण्यापासून देहापर्यंत

समजा ४०.३ हा आकडा पूर्ण खरा आहे. पुढचा प्रवास पाहू. रोज ३०० ग्रॅम कणीक खाणाऱ्या बाईला ३१ पीपीएमच्या गव्हातून ९.३ मिलिग्रॅम जस्त मिळते, ४०.३ च्या गव्हातून १२.१. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार तिला रोज १३.२ मिलिग्रॅम हवे. नव्या गव्हाने २.८ मिलिग्रॅमची भर पडली, तीही जादा खर्चाशिवाय. ही भर लहान नाही आणि ती नाकारण्याचा माझा हेतू नाही.

पण जस्त आणि लोह दाण्याच्या बाहेरच्या थरात आणि अंकुरात एकवटलेले असते. वर सांगितलेल्या २०१७ च्या कोष्टकात मैद्यातले जस्त १०० ग्रॅममागे ०.८८ मिलिग्रॅम आहे. अख्ख्या गव्हाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्याच बाहेरच्या थरात फायटिक आम्लही असते, ते जस्ताला बांधून ठेवते. फायटिक आम्ल आणि जस्त यांच्या रेणू-अणूंचे गुणोत्तर १५ च्या वर गेले की जस्त नीट शोषले जात नाही असे मानतात. १०० ग्रॅम गव्हात ६५० मिलिग्रॅम फायटिक आम्ल धरले, तर ३१ पीपीएमला हे गुणोत्तर सुमारे २१ येते आणि ४०.३ ला सुमारे १६. सुधारणा आहे, तरी आपण अजून रेषेच्या वरच आहोत. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनी फायटिक आम्ल कमी होते. आपली पोळी मात्र न आंबवताच तव्यावर जाते.

म्हणून शेवटचा निवाडा तक्त्याने नव्हे, खाणाऱ्यांनी द्यायचा असतो. दिल्लीत सुमारे सहा हजार स्त्रिया व मुलांना सहा महिने जास्त जस्ताची कणीक देऊन केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या न्यूमोनियाच्या आजारपणाचे दिवस कमी झाले. रक्तातल्या जस्तात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. निकाल संमिश्र आहे आणि तो तसाच सांगायला हवा.

या बाबतीत बाजरीचे काम गव्हापेक्षा पुढे गेले आहे, आणि त्यात छत्रपती संभाजीनगरचा वाटा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या येथील केंद्रातून एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ हे लोहयुक्त संकरित वाण आले. त्यांच्या नावातला ‘ए’ शहराच्या त्या वेळच्या नावाचा, औरंगाबादचा. पुस्तिकेत त्यांचे लोह अनुक्रमे ७३ आणि ९१ पीपीएम दिले आहे. महाराष्ट्रातील निवासी शाळांत १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना लोहसमृद्ध किंवा साध्या बाजरीची भाकरी सहा महिने देऊन झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांपैकी लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्यांत ती दूर होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या सुमारे १.६ पट होते. (त्या अभ्यासातला वाण मात्र वेगळा होता.) पुढे २०१८ पासून बाजरीच्या नव्या वाणांसाठी लोह किमान ४२ आणि जस्त किमान ३२ पीपीएम ही अट आली. अट किमान पातळीची आहे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. सरासरी कितीही मोठी असली तरी शेतकऱ्याला आणि खाणाऱ्याला खात्री हवी असते ती खालच्या मर्यादेची.

वर्गात काय करता येईल?

पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येक आकड्याबरोबर चाचणीची ठिकाणे, हंगाम, किमान-कमाल मर्यादा आणि त्याच शेतातल्या तुल्य वाणाचा आकडा द्यावा, अशी अपेक्षा आहे. नमुना मोजणाऱ्यांची नावेही द्यावीत. चांगल्या नोंदवहीत ती असतातच.

शिक्षकांना यासाठी थांबण्याचे कारण नाही. शाळेच्या तराजूवर एक किलो कणीक चाळून कोंडा किती निघतो ते मुलांना मोजू द्यावे. टपोऱ्या आणि चिंबलेल्या गव्हाचे हजार-हजार दाणे मोजून त्यांची वजने काढावीत, म्हणजे टक्केवारी आणि एकूण साठा यांतला फरक हाताला कळेल. एकाच पोत्यातून पाच गटांनी पाच नमुने काढून हेच वजन केले तर पाच उत्तरे येतील. पाचही फळ्यावर लिहावीत. ‘बरोबर कोणते?’ असे मुले विचारतील. पाचही बरोबर असू शकतात, हे त्यांना तेथेच सांगावे, आणि मग पुस्तिकेतला ४०.३ त्यांच्यापुढे ठेवावा.